सहा आकडी मामा

ॲपला तळेगाव एकच माहीत असतं, आणि ते पुण्याजवळ असतं.

आमचं तळेगाव श्यामजी पंतांचं. जिल्हा वर्धा, तालुका आष्टी. नागपूरहून अमरावतीकडे निघालात की कोंढाळी, कारंजा घाडगे आणि मग आम्ही. डाव्या हाताला आर्वीचा रस्ता, उजव्या हाताला आष्टीचा. महामार्गाचा नंबर सरकारने बदलून ५३ केला त्याला जमाना झाला, आमच्या तोंडी तो अजून ‘सहा नंबर’च आहे. इतकं ठसठशीत ठिकाण. पण ऑनलाइन मागवलेल्या वस्तूला ते समजावणार कोण? मावळात दाभाड्यांचं तळेगाव, शिरूरकडे ढमढेऱ्यांचं, संगमनेर तालुक्यात दिघ्यांचं, शेजारच्या अमरावती जिल्ह्यात दशासरचं, आणि एवढ्यावर भागलं नाही म्हणून खुद्द वर्धा जिल्ह्यात टालाटुल्यांचं. त्यात दाभाडे पडले सरसेनापती, आमचे श्यामजी नुसतेच पंत. पार्सल सेनापतीकडे जाणारच. भर मे महिन्यात, उन्हाने पत्रे तडतडत असताना मागवलेला कुलरचा पंप आधी मावळची हवा खातो, मग कुठल्या तरी गोदामात विसावा घेतो आणि मृगाच्या पहिल्या पावसात भिजत घरी येतो.

म्हणून गावातल्या जाणत्यांनी पत्त्यात एक ओळ वाढवली आहे : ‘एसटी स्टँडसमोर, मामांना विचारणे.’

हे मामा कोणाचे सख्खे मामा आहेत हे शोधायला गेलात तर हाती काही लागणार नाही. तळेगाव आगारातून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेला माणूस. कंडक्टरला आमच्याकडे मामाच म्हणतात, ते नोकरीबरोबर सुटत नाही. खाकी उतरली, पण दोन खिशांचा शर्ट राहिला. डाव्या खिशात स्वतःचा मोबाईल, उजव्या खिशात ज्याचा अडकला असेल त्याचा. चष्मा दोरीला, दोरी गळ्यात. आणि गालात खर्रा. हा खर्रा पुढे अनेक सरकारी कामांत आडवा येतो, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो. 

स्टँडसमोरच्या कडुलिंबाखाली एक बाक आहे. सकाळी नऊला मामा तिथे हजर होतात. पगार नाही, पाटी नाही, भाडं नाही. काम झालं की कोणी चहा पाजतो, कोणी तर्रीपोह्यांची प्लेट पुढे सरकवतो. पैशाला मामा हात लावत नाहीत. सेतू केंद्रातल्या पोराला पैसे देऊन फॉर्म भरून घेता येतो, पण तो पोरगा कम्प्युटरकडे पाहून बोलतो. मामा आपल्याकडे पाहून बोलतात. शिवाय रागावतात. फुकट काम करून वर रागावणाऱ्या माणसावर आमच्या लोकांचा ठाम विश्वास बसतो.

मामा हे सगळं कुठे शिकले? संपात. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस एसटीचा संप सुरू झाला, सरकारात विलीनीकरणाची मागणी होती, आणि एप्रिल २०२२ मध्ये तो मिटला. तेवढे महिने आगाराच्या दारातल्या मांडवात बसून करायचं काय? घोषणा देऊन घसा बसला की मोबाईल. मुंबईत काय ठरलं, कोर्टात काय झालं, कोणाला निलंबनाची नोटीस आली, सगळं ग्रुपवर. तोवर ज्या माणसाचा मोबाईलशी संबंध हिरवं बटण आणि लाल बटण एवढाच होता, तो त्या मांडवातून ग्रुप ॲडमिन होऊन बाहेर पडला. विलीनीकरण राहिलं बाजूला, मामा मात्र इंटरनेटमध्ये पूर्णपणे विलीन झाले.

उरलेली नोकरीही शिक्षणात गेली. ऑगस्ट २०२२ मध्ये पंचाहत्तरीच्या पुढच्यांना एसटी फुकट झाली, मार्च २०२३ मध्ये बायकांना अर्धं तिकीट. फुकट बसणाऱ्याचं वय आधार कार्डावर पाहायचं काम कंडक्टरचं. मामांनी त्या काळात एवढी आधार कार्डं वाचली की कोणाच्या कार्डावर कोणाचा फोटो कोणासारखा दिसतो हेसुद्धा त्यांना पाठ आहे. निम्म्या म्हाताऱ्यांचा जन्म १ जानेवारीचा, हा शोध त्यांचाच. आईने सांगितलेला जन्म पोळ्याच्या आदल्या दिवशीचा किंवा मोठ्या पुरानंतरचा असतो. यंत्राला तो चालत नाही, मग भरणारा १ जानेवारी ठोकून मोकळा होतो. मामा दर १ जानेवारीला गावच्या ग्रुपवर एकच मेसेज टाकतात : ‘सर्व ज्येष्ठांना वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा.’ खाली केकचं चित्र. नव्या वर्षाचा त्यात उल्लेखही नसतो.

नोकरी सुटली, पण कंडक्टर सुटला नाही. बाकासमोर रांग लागली की मामा उभे राहून ओरडतात, ‘चला, आधार काढून ठेवा, खाली जमा झालेले वर या!’ ॲप नीट उघडलं की ‘डबल’ म्हणतात, अडकलं की ‘सिंगल’. ‘सर्व्हर डाऊन’ झाला की त्यांचं निदान ठरलेलं : गाडी ब्रेकडाऊन, मागून दुसरी येते, तोवर उतरून पाय मोकळे करा. आणि लोक खरोखर पाय मोकळे करून येतात. सर्व्हर ही मामांच्या मते मुंबईत बसलेली एक व्यक्ती आहे. ती दुपारी एक ते तीन जेवते, सोमवारी उशिरा येते, आणि महिन्याच्या शेवटच्या तारखेला मुद्दाम छळते. मी संगणक विषयाची पदविका घेतलेली आहे. मामांचा हा सिद्धांत खोडून काढण्याजोगा एकही पुरावा मला आजवर मिळालेला नाही.

आणि एक अभिमान त्यांना कायमचा. ‘उभ्या नोकरीत तिकिटाची एक केस नाई माह्यावर. चेकर यायचा तं माह्या गाडीत झोपाले यायचा.’ हे वाक्य दिवसातून एकदा तरी होतं. 

सहा आकडी मामा हे नाव गावाने ठेवलं ते ओटीपीमुळे. नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटा गेल्या, त्याच्या आगेमागे जिओचं सिम आलं, भीम आलं, फोनपे आलं, आणि आमच्या आयुष्यात सहा आकडे शिरले. ते येतात, दहा मिनिटं जगतात आणि जातात. मामा बाकावर बसू लागले तेव्हाही गावकऱ्यांचा समज असा, की हे आकडे आले म्हणजे आपल्याला काहीतरी लागलं. एकेक जण रस्त्याच्या पलीकडून हाळी द्यायचा, ‘मामा, आला! चार, सात, शून्य...’ आणि मामा जिवाच्या आकांताने इकडून, ‘चूप बे! चूप! साऱ्या स्टँडले सांगतं का!’ पण तोंडात खर्रा. त्यामुळे पलीकडे फक्त ‘हूफ! हूफ!’ ऐकू यायचं आणि तो माणूस आणखी मोठ्याने पुढचे तीन सांगायचा. थुंकून येईपर्यंत ओटीपी संपलेला. खर्ऱ्यापायी गावाचे किती ओटीपी वाया गेले याचा हिशेब मामांची बायको ठेवून आहे.

मग मामांनी मोहीम काढली. पोळ्याला, गणपतीच्या मंडपात, तेराव्याच्या जेवणातसुद्धा पंगत बसली की मामा उभे : ‘सहा आकडे कोणालेच सांगाचे नाई. ब्यांकेतून बोलतो म्हणते, नाई सांगाचे. पोलीस बोलतो म्हणते, नाई सांगाचे. बायकोनं मांगतला तरी द्याचा नाई!’ कोणी विचारलं, मग मामा, तुम्हाला? तर मामा क्षणभर थांबत आणि म्हणत, ‘मले सांगाचा. पण मी मीच हाय हे पाहून सांगाचा.’ या शेवटच्या कलमाने पुढे त्यांना गाठलंच, ते येईलच.

आता मामांच्या सत्तेचं खरं ठाणं सांगतो. आमच्याकडे सिम टिकत नाही. रिचार्ज संपला की नंबर जातो, नवं सिम ऑफरमध्ये मिळतं, पोरगा जुना मोबाईल पुण्याला घेऊन जातो. बँकेला, गॅसला, आधारला मात्र एकच कायमचा नंबर हवा असतो. मग फॉर्मवर मोबाईल क्रमांकाचा रकाना आला की लोक म्हणत, ‘मामांचाच टाका.’ असं करत करत निम्म्या गल्लीचा नंबर मामांचा झाला. आधी त्यांनाही त्यात मोठेपणा वाटला. नंतर मोबाईल थरथरायचा थांबेना.

कोणाच्या खात्यात पीक विम्याचे पैसे पडले हे शेतकऱ्याच्या आधी मामांना कळतं. कोणाचा हप्ता थकला, कोणाचं सिलिंडर निघालं, कोणाच्या पोरीचा नर्सिंगचा अर्ज मंजूर झाला, कोणी रात्री साडेअकराला दोनदा पाचशे रुपये काढले. एखाद्या गावात अशा माणसाने काय हाहाकार माजवला असता! पण मामांच्या तोंडून अक्षर बाहेर पडत नाही. त्यांना विचारलं तर म्हणतात, ‘कोण कोणासंग बसून कुठं उतरलं, हे मी तीस वर्षं पायलं. सांगतलं असतं तं ह्या तालुक्यात अर्धी लग्नं झाली नसती.’ पैसे पडले की ते त्या घरासमोरून नुसती सायकल नेतात आणि दोनदा घंटी वाजवतात. डबल. घरातल्यांना कळतं, शेजाऱ्यांना नाही.

पासवर्डांची एक वहीही आहे. एसटीच्या वेबिलांचे पाठकोरे कागद शिवून केलेली. पानागणिक नाव, त्याखाली पासवर्ड. वही चोराच्या हाती लागली तर गावाचं काय होईल, असा प्रश्न मी एकदा केला. मामांनी वही उघडून दाखवली. सगळ्यांचा पासवर्ड एकच होता, आणि तो चोराला वहीशिवायही सुचला असता.

स्वतः मामा मात्र रोकडीवाले. चहाच्या टपरीवर क्यूआर लावून दिला तो त्यांनीच, पैसे आल्याची घोषणा करणारा डबाही त्यांनीच बसवून दिला. पण स्वतः चामड्याच्या जुन्या थैलीतून चिल्लर मोजून देतात. डब्यातली बाई ‘दस रुपये प्राप्त हुए’ म्हणाली की मामा तिच्याकडे संशयाने पाहतात. पैसे आले ते हिने पाहिले, आपण पाहिले नाहीत. अशा साक्षीवर माणूस उतरून जाऊ द्यायचा?

फॉरवर्डच्या बाबतीत त्यांचा नियम याहून कडक आहे, आणि त्यामागे विनोद नाही. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला भिक्षा मागत हिंडणाऱ्या पाच माणसांना जमावाने ठेचून मारलं. मुलं पळवणारी टोळी आली आहे, असा मेसेज मोबाईलवर फिरत होता, तेवढ्यावर. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज पुढे ढकलता येईल अशी मर्यादा घातली. तसले मेसेज आमच्याकडेही यायचे. आज ग्रुपवर ‘सावधान’ने सुरू होणारं काही पडलं की मामा खाली लिहितात : ‘कुठं बसला? तिकीट दाखव.’ म्हणजे हे तुला कोणी पाठवलं, त्याला कोणी, ते सांग. सांगता आलं नाही की मेसेज उतरवला जातो. पाठवणाराही दोन दिवस उतरवला जातो, मग तो सरपंचाचा भाचा का असेना.

पहाटे चारच्या सुप्रभातांना ही तपासणी लागू नाही. ते मामा स्वतःच पाठवतात. ग्रामगीता लिहिणाऱ्या राष्ट्रसंतांचं गुरुकुंज मोझरी आमच्याच रस्त्यावर, अमरावतीच्या बाजूला. त्यामुळे पहाटे उठून सामुदायिक काहीतरी करण्याची ओढ या भागात जुनीच आहे. मामा फुलाच्या चित्रावर भागवतात.

खरीप आलं की मामांचे दौरे सुरू होतात. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी आली. पूर्वी तलाठी बांधावर न जाता पेरा लिहायचा, आता शेतकऱ्याने स्वतःच्या वावरात उभं राहून उभ्या पिकाचा फोटो ॲपवर टाकायचा. कल्पना उत्तम. अडचण एवढीच, की जिथे पीक आहे तिथे नेटवर्क नाही आणि जिथे नेटवर्क आहे तिथे स्टँड आहे. मामा मोबाईल उंच धरून पऱ्हाटीतून चालत असतात, मागे शेतकरी, त्यामागे शेतकऱ्याचा कुत्रा. ॲप म्हणतं, तुम्ही गटापासून दूर आहात. मामा चार पावलं पुढे. ॲप म्हणतं, अजून दूर. ‘अबे, दहा बोटं चिखलात रुतली माही, अजून कुठं येऊ?’ असं मामा ॲपला विचारतात. एकदा तर ॲपच्या म्हणण्याप्रमाणे सरकत सरकत ते शेजाऱ्याच्या तुरीत पोचले, आणि पिढ्यान्‌पिढ्या मिटलेला धुऱ्याचा वाद नव्याने उघडला.

आजींची गोष्ट मात्र मी डोळ्यांनी पाहिली. मामांच्या जोडीला असलेल्या ड्रायव्हरची बायको. ड्रायव्हर गेला, तिला ईपीएस-९५ ची पेन्शन. ही पेन्शन किती असते हे सांगितलं तर शहरातल्या लोकांना छपाईची चूक वाटेल. सप्टेंबर २०१४ पासून निदान हजार रुपये मिळावेत एवढं तरी सरकारने ठरवलं. त्या हजारासाठी वर्षातून एकदा आपण जिवंत असल्याचा दाखला द्यायचा. पूर्वी अंगठा लागायचा. पण आजींनी आयुष्यभर कापूस वेचला, बोंडाच्या टोकांनी बोटांवरच्या रेघा कधीच नेल्या. यंत्र अंगठा घेईना. आता चेहऱ्यावर काम भागतं. आधी मोबाईल चालवणाऱ्याने स्वतःचा चेहरा दाखवून ओळख पटवायची, मग पेन्शनवाल्याचा. म्हणजे आजी जिवंत आहेत हे सांगायला मामा आधी खरे असावे लागतात. पडद्यावरच्या गोलात तोंड आणायचं आणि डोळे मिचकवायचे. नोव्हेंबरभर हेच चालतं. मामांना त्या महिन्यात डोळे मिचकवायची अशी सवय लागते, की मामी त्यांना लग्नकार्याला बरोबर नेत नाहीत.

‘आजी, इकडं पाय. ह्या गोलात तोंड आण.’

आजींनी पदर नीट केला आणि हात जोडले.

‘हात खाली घे व माय. देव नाई हा, मोबाईल हाय. आता डोये मिचकाव.’

‘कायले?’

‘सरकारले पायजे.’

आजी लालबुंद झाल्या. ‘मी माह्या मालकासमोर कधी मिचकावले नाई डोये. आता ह्या वयात सरकारसमोर?’

रांगेतल्या बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. मामांनी समजावलं, हात दाखवला, स्वतः मिचकावून दाखवले. त्याने आजी आणखीच संकोचल्या. मग त्यांनी हट्टाने डोळे असे ताणून धरले की पापणी हलेना. गोल लालच्या लाल. शेवटी मामा वाकले आणि त्यांनी आजींच्या तोंडावर हलकेच फुंकर मारली. पापणी लवली, गोल हिरवा झाला.

‘झाली जिवंत!’ मामा ओरडले.

‘म्हंजे आतापर्यंत काय होती मी?’ आजींनी विचारलं, आणि याचं उत्तर कोणत्याच ॲपमध्ये नव्हतं.

आता एका फोनचं. आकडे कोणाला सांगू नका असं बजावणाऱ्या मामांनाच एके दुपारी अनोळखी नंबरवरून व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर खाकीतला माणूस, मागे कसला तरी बिल्ला. कडक आवाजात म्हणाला, ‘आपके नाम का पार्सल मुंबई एअरपोर्ट पे पकडा गया है.’

मामा बाकावरून उठलेच. ‘अरे साब! वही तो ढूंढ रहे हम! कुलर का पंप है ना?’

‘पंप नहीं! ड्रग्ज हैं उसमें!’

‘ड्रग्ज तुम रख लो, पंप भेज दो. पत्ता लिखो, तलेगाव श्यामजी पंत. दाभाडे नहीं, श्यामजी पंत!’

तो साहेब जरा गोंधळला, पण कसलेला होता. म्हणाला, तुम्हाला डिजिटल अरेस्ट केली आहे, कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही, कोणाला काही सांगायचं नाही. मामांनी मोबाईल वळवून साऱ्या रांगेला दाखवला. अरेस्ट म्हणजे काय असते पाहायला रांग मोडून लोक भोवती जमले. एका बाईने डोकं मध्ये घातलं आणि विचारलं, ‘साहेब, तुमी वरचे हाय तं माहं केवायसी कावून अटकलं तेवढं पाहा ना.’ दुसऱ्याने सातबारा दाखवला. साहेबाने स्वतःच फोन कापला. कायद्यात अशी कुठली अरेस्ट नसते आणि तक्रारीसाठी १९३० हा नंबर आहे, हे मामांना माहीत होतं. त्यांनी तक्रार नोंदवली. पण हळहळ पंपाचीच राहिली.

मामांची परीक्षा खरी झाली ती लाडक्या बहिणींच्या केवायसीत. जुलै २०२४ मध्ये अर्ज भरताना बाकाभोवती पाय ठेवायला जागा नव्हती, पण ते नुसतं दळण होतं. सप्टेंबर २०२५ मध्ये केवायसी निघाली, तिच्यात बाईचा ओटीपी तर हवाच, शिवाय नवऱ्याचा किंवा बापाचाही. आता आमच्या भागातला नवरा घरी सापडेल तर तो नवरा कसला. कोणी बुटीबोरीला कंपनीत, कोणी चाकणला. एका सुनेचा नवरा ट्रकवर. संत्रा भरून सहा नंबरने कलकत्त्याच्या दिशेने निघालेला, रायपूर ओलांडून कुठल्या ढाब्यावर जेवत बसलेला. मामांनी तिचा आकडा टाकला, नवऱ्याचा आधार नंबर टाकला, ‘ओटीपी पाठवा’वर बोट ठेवलं आणि त्याला फोन लावला. स्पीकरवर. मामांचे सगळे फोन स्पीकरवरच असतात.

‘ऐक, तुह्या मोबाईलवर सहा आकडे आले असतीन. सांग लवकर.’

‘कोण बोलून रायलं?’

‘अबे, मामा. तळेगावहून.’

‘आकडे नाई सांगत.’

‘कावून?’

‘तुमीच सांगतलं ना. बायकोनं मांगतला तरी द्याचा नाई.’

‘अरे, तुही बायको इथं बाजूले बसून हाय!’

‘असन. पण तुमी मामाच कायवरून? कम्प्युटर आता कोणाचाई आवाज काढते. तुमीच तं व्हिडिओ धाडला होता.’

दहातली तीन मिनिटं गेली होती. सुनेने फोन ओढून घेतला, ‘अवो, मी हावो’ म्हणाली. तो म्हणाला, आवाज तुझाही निघतो. व्हिडिओ कॉल लावला. कडुलिंबाखाली नेटवर्कच्या दोन कांड्या; मामांचं तोंड उघडलेलं, आत खर्रा, आणि चित्र तिथेच गोठलं. पलीकडून आवाज आला, ‘हा तं फोटू हाय.’

रांगेत आता जेवायला गेलेले लोकही परत आले होते. आगारातला एक नोकरीवरचा कंडक्टर चहाचा ग्लास घेऊन उभा होता.

‘बरं, मामाच असान तं एक सांगा,’ ट्रकवाला म्हणाला. ‘उन्हाळ्यात मी मायसंग कारंज्याले जात होतो. तवा माहं तिकीट कोणतं फाडत होते?’

मामांनी इकडेतिकडे पाहिलं. चहावाला कंडक्टर जवळ सरकला.

‘ते आता कायले काढतं बे.’

‘पाहा, नाई सांगता येत. ठेवतो फोन.’

‘अर्धं!’ मामा म्हणाले. ‘अर्धं फाडत होतो!’

‘वय किती धरत होते?’

‘अकरा.’

‘कोणत्या वर्गापर्यंत?’

‘दहावीपर्यंत! मिशा फुटल्या होत्या तुले, तरी अकराच! आता सांगतं का?’

रांग गप्प झाली. मग कोणीतरी खोकलं, आणि सगळा स्टँड एकदम हसला. ढाब्यावरचाही हसत असावा, कारण आकडे सांगताना त्याचा आवाज मध्येच तुटत होता. मामांनी कपाळावरचा घाम पुसत एकेक आकडा दाबला. पडद्यावर अक्षरं आली : वेळ संपली. पुन्हा पाठवा.

मामांनी पुन्हा पाठवला.

‘मामा,’ स्पीकरवरून आवाज आला, ‘हा दुसरा आला. ह्याच्यासाठी दुसरं काही विचारू, का मघाचंच चालन?’